बर्फातलं लग्न: टोरांटोच्या हिवाळ्यात मराठी कार्य कसं पार पाडावं

टोरांटोत जानेवारी-फेब्रुवारीत लग्न ठरलं की पुण्या-नागपूरहून पहिला प्रश्न येतो, "थंडी सोसेल का आम्हाला?" सोसते. हॉलमध्ये २०-२१ अंश असतात आणि होमाशेजारी बसलेल्या नवरीला तर शालूत घाम फुटतो. कसोटी लागते ती गाडीच्या दारापासून हॉलच्या दारापर्यंत, हॉटेलपासून हॉलपर्यंत, केटररच्या किचनपासून पंगतीपर्यंत. म्हणून पहिल्याच बैठकीत एक कागद घ्या आणि लिहून काढा, कार्याच्या दिवसांत कोणाला किती वेळा दाराबाहेर पडावं लागणार आहे. आजीला किती वेळा, गुरुजींना किती वेळा, जेवणाच्या भांड्यांना किती वेळा. हा आकडा जितका खाली आणाल तितकं लग्न सुटसुटीत होईल. ग्रेटर टोरांटो भागात पहिल्यांदाच कार्य काढणाऱ्या वधू-वरांनी आणि त्यांच्या आईबाबांनी याच हिशोबाने पुढचं वाचावं.

पायरी १: तारीख आणि मुहूर्त

धनुर्मास, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, आणि पौष महिना बरीच घरं लग्नासाठी टाळतात. शिवाय नाताळ ते नववर्ष या काळात हॉल ऑफिसच्या पार्ट्यांनी भरलेले असतात आणि विमानाची तिकिटं गगनाला भिडलेली असतात. त्यामुळे तारीख आपसूक संक्रांतीनंतर सरकते, म्हणजे नेमकी इथल्या सर्वात थंड दिवसांत. त्या दिवसांत दुपारी पारा शून्याच्या आसपास आणि रात्री उणे सात-आठ असतो, मधूनच आठवडाभर उणे वीसची लाट येते. मात्र जानेवारी ते मार्च हा हॉलवाल्यांचा मंदीचा काळ. भाव करायला लाजू नका. शनिवारऐवजी शुक्रवार किंवा रविवार घेतला तर आणखी सुटतं. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार ओंटारियोत 'फॅमिली डे'ची सुटी असते. तो लांब वीकेंड पाहुण्यांच्या सोयीचा, पण हॉटेलं तेव्हा महाग.

भारतात छापलेल्या पंचांगातली मुहूर्ताची वेळ घेऊन त्यातून साडेदहा तास वजा करू नका. पंचांगातलं लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, आणि सूर्योदय जागेप्रमाणे बदलतात. गुरुजींना टोरांटोच्या अक्षांश-रेखांशावर मुहूर्त काढायला सांगा. गोरज मुहूर्ताची हौस असेल तर सूर्यास्ताची वेळ बघून घ्या. डिसेंबरच्या मध्यावर इथे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेसहाला. म्हणजे वऱ्हाड दुपारी तीनलाच हॉलवर हवं, आणि जेवून निघताना सगळ्यांनी अंधारात, गोठत्या रस्त्यावर गाड्या काढायच्या.

माझं मत विचाराल तर सकाळचा मुहूर्त घ्या. साडेअकराला अक्षता पडल्या तर भारतात रात्रीचे दहा वाजलेले असतात, न आलेली मंडळी जागी राहून फोनवर पाहू शकतात. भारतातून आलेले पाहुणे जेटलॅगमुळे पहाटे तीनला टक्क जागे असतात आणि रात्री आठला पेंगतात, त्यांनाही सकाळच सोयीची. संध्याकाळचं रिसेप्शन छोटं ठेवा, किंवा दुपारच्या जेवणातच उरका.

पायरी २: सगळं एका छताखाली

सुंदर बँक्वेट हॉल ब्रॅम्प्टनला, पाहुणे मिसिसागाच्या हॉटेलात, हळद मार्कमला मामाकडे, असा बेत जुलैत चालतो. जानेवारीत प्रत्येक फेरीला ४०१ हायवेवरचा दीड तास आणि गाडीवरचा बर्फ खरवडायची वीस मिनिटं धरावी लागतात. त्यापेक्षा हॉल असलेलं हॉटेल घ्या. भाडं दिसायला जास्त असतं, पण बसगाड्या, फेऱ्या आणि मनस्ताप वजा केला की हिशोब जवळपास जुळतो. पियर्सन विमानतळाच्या आसपासची हॉटेलं दिसायला रूक्ष, पण कामाची: विमानतळावरून त्यांची शटल असते, खाली बँक्वेट रूम, वर खोल्या. डाउनटाउनची हौस असेल तर भुयारी 'पाथ'ला जोडलेलं हॉटेल बघा. ३० किलोमीटरहून लांब असलेल्या त्या पादचारी मार्गामुळे पाहुण्यांना कोट न घालताही खाण्यापिण्याच्या दुकानांपर्यंत जाता येतं, आणि पियर्सनहून युनियन स्टेशनला रेल्वेने २५ मिनिटांत पोचता येतं.

हॉल बघायला शक्यतो हिवाळ्यातच जा, तेही संध्याकाळी. दारापुढे गाडी थेट छताखाली थांबते का? पार्किंगपासून चढ आहे का? आत शिरल्यावर दुहेरी दार आहे, की एक दार उघडलं की मांडवापर्यंत वारा? कोट ठेवायची खोली किती मोठी? नवरीची खोली हॉलच्या आतच आहे ना, की अंगण ओलांडून पलीकडच्या इमारतीत?

पायरी ३: करारात बर्फ लिहून घ्या

तोंडी आश्वासनावर भागवू नका. पार्किंग आणि पायऱ्यांवरचा बर्फ कोण, किती वाजेपर्यंत काढणार, मीठ कोण टाकणार, हे करारात हवं. साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा वाळू टाकतात का तेही विचारा. वीज गेली तर जनरेटरवर काय काय चालतं? नुसते 'एक्झिट'चे दिवे, की हीटिंग आणि किचनही? २०१३ च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर गोठत्या पावसाने टोरांटोतल्या सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली होती, काहींकडे ती कित्येक दिवस आली नाही.

तारीख पुढे ढकलायची वेळ आली तर काय, हे कलम सर्वात महत्त्वाचं. १७ जानेवारी २०२२ च्या वादळात शहराच्या काही भागांत अर्ध्या मीटरच्या आसपास बर्फ पडला आणि गार्डिनर एक्सप्रेसवे, डॉन व्हॅली पार्कवे बंद करावे लागले. अशा दिवशी हॉल उघडा असला तरी पोचणार कोण? 'हॉल बंद असेल तरच परतावा' असं लिहिलेलं असेल तर ते कलम तुमच्या उपयोगाचं नाही. सरकारने वादळाचा इशारा दिला किंवा रस्ते बंद झाले तर वर्षभरात दुसरी तारीख मिळेल, असं लिहून मागा. केटरर, फोटोग्राफर, डेकोरेटर यांच्याकडूनही हेच घ्या. लग्नाचा विमा मिळतो, तो हॉल ठरला की लगेच काढा. वादळाचा अंदाज जाहीर झाल्यावर काढलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत.

पायरी ४: होमाची परवानगी

इथे जरा थांबतो, कारण हिवाळी लग्नातली सगळ्यात मोठी फजिती इथेच होते. उन्हाळ्यात होम हिरवळीवर किंवा दारं उघडी टाकून होतो. हिवाळ्यात हॉल सगळीकडून बंद, हवा कोंडलेली. लाजाहोमाच्या वेळी करवल्या, भाऊ, फोटोग्राफर सगळे कुंडाभोवती दाटलेले असतात, गुरुजी 'स्वाहा' म्हणून तुपाची धार धरतात, धूर सरळ छताला जातो आणि तिथल्या डिटेक्टरला धार्मिक विधी कळत नाही. अलार्म वाजला की अख्खी इमारत रिकामी करावी लागते. बाहेर उणे १५. नवरी शालूत, नवरा सोवळ्यात, मंडळी मोज्यांवर.

म्हणून हॉल ठरवतानाच विचारा, उघड्या ज्वाळेला परवानगी आहे का. 'मेणबत्त्या चालतात' या उत्तरावर विसंबू नका, होमाचा फोटो दाखवा. परवानगी असेल तर ती लेखी घ्या. सहसा हॉलवाले विधीपुरता त्या भागातला डिटेक्टर बंद ठेवतात आणि तेवढा वेळ आगीवर लक्ष ठेवायला एक माणूस उभा करतात. त्याचे वेगळे पैसे लागू शकतात, ते आधीच कळू द्या. मांडव छताच्या एक्झॉस्टजवळ घ्या, डेकोरेटरचे पडदे आणि कुंड यांच्यात भरपूर अंतर सोडा. कुंड लहान, तांब्याचं, खाली विटा किंवा वाळूचा ट्रे. समिधा कोरड्या आणि बारीक, कारण ओलं लाकूड जास्त धुमसतं. धूर आटोक्यात ठेवणं गुरुजींच्या हातात असतं. इथले गुरुजी त्यात वाकबगार झालेत, पण भारतातून खास बोलावलेल्या काकांना मात्र आधी समजावून सांगा.

आणखी एक. हळदीला किंवा ग्रहमखाला गॅरेज सजवायची इथे पद्धत आहे. बंद गॅरेजमध्ये कोळशाची शेगडी, प्रोपेनचा हीटर किंवा सुरू गाडी, यातलं काहीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. विजेवरचा हीटर लावा, नाहीतर सरळ घरात बसा.

पायरी ५: गुरुजी आणि कायद्याचे कागद

ओंटारियोत लग्नाआधी नगरपालिकेकडून 'मॅरेज लायसन्स' घ्यावं लागतं. ते ९० दिवस चालतं आणि प्रांतात कुठेही वापरता येतं, त्यामुळे लग्नाच्या आठवड्यासाठी हे काम शिल्लक ठेवू नका. दोघांपैकी कोणाचा घटस्फोट कॅनडाबाहेर झाला असेल तर आधी प्रांत सरकारची वेगळी मंजुरी लागते, त्यासाठी वकिलाचं पत्र लागतं आणि वेळ जातो.

गुरुजी ओंटारियोत विवाह लावण्यासाठी नोंदणीकृत आहेत का, हे स्पष्ट विचारा. नसतील तर त्यांनी सप्तपदी पूर्ण केली तरी कायद्याच्या कागदावर त्यांची सही चालत नाही. अशा वेळी बरीच जोडपी आधी एका दिवशी दोन साक्षीदारांसह नोंदणी उरकतात आणि मग निवांत विधी करतात. हिवाळ्यात हे मला जास्त पसंत आहे, वादळ आलं तरी निदान कायद्याचं लग्न अडत नाही. गुरुजींना लग्नाच्या आदल्या रात्री त्याच हॉटेलात खोली द्या. वऱ्हाडातला एखादा सराईत काका पोथी वाचू शकत असेल तर त्याच्याकडे विधींची प्रत देऊन ठेवा.

पायरी ६: भारतातून येणारी मंडळी

व्हिसाचे अर्ज तारीख ठरल्याबरोबर. अमेरिकेतून विमान बदलायचं असेल तर तिथलाही व्हिसा लागतो, स्वस्त तिकिटाच्या मोहात हे राहून जातं. ज्यांच्यावाचून अडेल अशी माणसं, म्हणजे आईबाबा, मामा, कन्यादानाला बसणारे, त्यांनी निदान चार दिवस आधी पोचावं. मंगळसूत्र, दागिने आणि शालू हातातल्या सामानात, चेक-इन बॅगेत कधीच नाही. ताजी फुलं, आंब्याची पानं, फळं आणू नका. दुधाची मिठाईही अडवली जाऊ शकते. हळदकुंकू, सुपारी, अक्षतांचा तांदूळ आणलात तर कस्टमच्या फॉर्मवर लिहा. लपवण्यापेक्षा सांगणं स्वस्त पडतं.

ज्येष्ठांचा प्रवासी आरोग्य विमा काढाच. इथे घसरून मनगट मोडलं तर बिल पाहून माणूस दुसऱ्यांदा पडेल. थंडीचे कपडे मात्र तिकडून खरेदी करू देऊ नका. पुण्यात मिळणारा स्वेटर इथे आतला थर म्हणून ठीक. इथल्या मित्रमंडळींकडून कोट, बूट, हातमोजे गोळा करा, मापं आधी व्हॉट्सॲपवर मागवा, आणि विमानतळावर आणायला जाल तेव्हा ते सोबत न्या. हॉटेलच्या खोलीतली हवा कोरडी असते, त्यामुळे नाकातून रक्त येणं, ओठ फुटणं व्हायचंच. खोलीत ह्युमिडिफायर, व्हॅसलीन आणि पाण्याचा तांब्या ठेवा.

पायरी ७: पैठणी विरुद्ध मीठ

रस्त्यावरचं मीठ आणि वितळलेला बर्फ यांचा जो करडा चिखल होतो त्याला इथे 'स्लश' म्हणतात. पैठणीचा काठ एकदा त्यात बुडाला की रेशमावर पांढरी कड उमटते आणि जर काळवंडते. उपाय सोपा आहे. साडी हॉलमध्येच नेसा. ते जमणार नसेल तर काठ वर खोचून कमरेला पट्टा बांधा, वरून घोट्यापर्यंतचा कोट, पायात बूट, आणि चपला-मोजड्या पिशवीत. नऊवारी थंडीला फार सोयीची, आत जाड लेगिंग्ज घातल्या तरी दिसत नाहीत. पाचवारीखाली नायलॉनचा परकर नको. कोरड्या हवेत स्थिर विजेने साडी पायाला चिकटते आणि चालताना चटचट आवाज येतो. सुती परकर घाला, पायांना लोशन लावा.

वरच्या अंगात मात्र जाड गरम कपड्यांचे थर चढवू नका, मांडवात गुदमराल. ब्लाउज लांब बाह्यांचा, खांद्यावर शाल, बस्स. थंडीत बोटं आकसतात, अंगठी सैल होते, म्हणून बाहेर फोटो काढताना ती हातमोज्याच्या आत राहू द्या. मोगऱ्याचे गजरे, विड्याची पानं, केळी गाडीत ठेवून विसरलात तर काळी पडतील, नारळ रात्रभर राहिले तर आतलं पाणी गोठून तडकू शकतात. पूजेचं सामान शेवटी गाडीत, पहिल्यांदा बाहेर.

वरात, जेवण, फोटो

वरात पार्किंगमध्ये काढायचा हट्ट असेल तर दहा मिनिटांची काढा. वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघड्या त्वचेला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, आणि फेट्याने कान झाकले जात नाहीत. हॉटेलच्या लॉबीतून मांडवापर्यंतची वरात छान रंगते, ढोल-ताशा घुमतोही जास्त. फक्त व्यवस्थापनाला वेळ सांगून ठेवा.

जेवणात मठ्ठ्याऐवजी गरम कढी किंवा टोमॅटोचं सार ठेवा. दारातच आलं-गवती चहाची किटली ठेवली तर लोक कोट काढतानाच खूश होतात. संक्रांतीच्या सुमाराला असाल तर गूळपोळी आणि तिळगूळ हवेतच. अन्न दुसऱ्या किचनमधून येणार असेल तर केटररला दोन तास आधीची वेळ द्या.

बर्फातल्या फोटोंसाठी पंधरा मिनिटं पुरतात. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत भरभर उतरते आणि थंड लेन्स आत आणली की त्यावर वाफ धरते, तेव्हा फोटोग्राफरने याआधी हिवाळ्यात काम केलंय का ते विचारा. हिरवळीची पार्श्वभूमी हवी असेल तर १९१० चा काचेचा पाम हाउस असलेलं ॲलन गार्डन्स आहे, लग्नाच्या फोटोंसाठी शहराचा परवाना लागतो.

शेवटचा आठवडा

फोनवरच्या ॲपमधला दहा दिवसांचा अंदाज बघून झोप उडवू नका. पाच दिवस उरले की एन्व्हायर्नमेंट कॅनडाचा अंदाज रोज बघा, ७२ तास उरले की त्यावर विश्वास ठेवायला लागा, २४ तास उरले की निर्णय घ्या. निर्णय कोण घेणार ते आधीच ठरवा, शक्यतो वधूवर सोडून एकच माणूस. तोच व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहील, बाकीच्यांनी "ऐकलंय की हायवे बंद आहे" छापाचे संदेश टाकायचे नाहीत. वादळाचा इशारा आला तर आदल्या संध्याकाळी वधू-वर, दोन्हीकडचे आईबाबा, गुरुजी आणि फोटोग्राफर हॉटेलात मुक्कामाला. एवढी मंडळी एका इमारतीत असली की मुहूर्त टळत नाही. बाकीचे नंतर येतील किंवा लिंकवर पाहतील.

गाडी चालवणाऱ्यांना हिवाळी टायरबद्दल विचारा. ओंटारियोत ते सक्तीचे नाहीत, पण सात अंशांच्या खाली साध्या टायरची पकड कमी होते. नवरीची गाडी तरी हिवाळी टायरची हवी.

लग्नाच्या दिवशी दारात

दोनशे पाहुणे म्हणजे दोनशे फुगीर कोट, त्यातले निम्मे काळे आणि एकसारखे. टोकन छापून घ्या, कॉलेजातली दोन पोरं तिथे बसवा. शेजारी बूट काढायला खुर्च्या, कडेचे प्लॅस्टिक ट्रे, पाणी टिपणाऱ्या जाड चटया. ओल्या फरशीवर आजी घसरण्याची शक्यता बर्फापेक्षा इथे जास्त. नवऱ्याचे जोडे लपवायचे असतील तर मोजड्याच लपवा. बर्फाचे बूट लपवले आणि सापडले नाहीत तर नवरा मोज्यांवर गाडीपर्यंत जाईल. मेहुण्यांना हे आधी बजावून ठेवा. निघताना गाड्या दहा मिनिटं आधी गरम करायला कोणीतरी बाहेर जायला हवं. हे काम ज्याच्याकडे द्याल त्याचं जेवण आधी वाढा.

नंतरची कामं

बुटांवरचे मिठाचे पांढरे डाग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसले की जातात. रेशमावर हा प्रयोग करू नका, साडी ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग मिठाचा आहे हे सांगा. विवाह लावणारे गुरुजी सही केलेला कागद सरकारकडे पाठवतात, नोंदणी व्हायला काही आठवडे जातात आणि त्यानंतर विवाह प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. भारतात ते दाखवायचं असेल तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, लागेल. ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडा अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे ओंटारियोतल्या प्रमाणपत्रावर प्रांत सरकारच्या कार्यालयातून ते मिळतं.